खळीने चिकटवलेला कान

टेंभेकरबाई कुणाच्याही घरून रिकाम्या हाताने परत जात नसत. चोरत नसत, तसं म्हटलं तर मला पाप लागेल. मागून नेत. पण मागायची तऱ्हा अशी, की आपण काय देऊन बसलो याचा उलगडा त्या फाटकाबाहेर पडल्यावर व्हायचा. चहा पिता पिता त्यांची नजर घरभर फिरे आणि नेमकी अशा वस्तूवर येऊन थांबे, जी आपण आज ना उद्या टाकूनच देणार असू. बिस्किटाच्या पुड्याचा कागद, गेल्या सालचं कॅलेंडर, लग्नपत्रिकेवरचा सोनेरी गणपती, गोळ्या संपलेलं चकचकीत पाकीट. मग म्हणायच्या, "फेकून राहिल्या काय? मले द्या."

माझ्या घरून त्यांनी पहिल्यांदा नेला तो आमच्या ह्यांच्या छातीचा एक्स-रे.

छत्तीसगढ राज्य नवं नवं झालं होतं तेव्हाची गोष्ट. आम्ही भिलाईत प्लांटच्या क्वार्टरमध्ये राहत होतो आणि टेंभेकरबाई आमच्या मागच्या गल्लीत. मी पन्नाशी गाठत आलेली, म्हणजे अक्कल यायला भरपूर अवधी मिळालेला होता. ती काही आली नव्हती. रायपूरच्या जुन्या मराठी घराण्यातली मी. पणजोबांच्या काळापासून आम्ही इकडचे, म्हणून गोंदिया-डोंगरगढकडून रेल्वेबरोबर आलेल्या मराठी लोकांपुढे माझं नाक जरा वरच असे. आमच्या मराठी मंडळाच्या बैठकीत मी 'मला', 'तुला' बोलायची आणि घरी चप्पल काढली की 'मले', 'तुले'. टेंभेकरबाईंचे वडील रेल्वेत गार्ड होते. त्या बैठकीतही 'मले'च म्हणत आणि घरीही 'मले'च. हे मला तेव्हा अडाणीपणाचं वाटायचं.

तर तो एक्स-रे. ह्यांची सर्दी छातीत उतरली होती, ती बरी झाल्यावर फिल्म कपाटावर धूळ खात पडलेली. बाईंनी मागितली, मी दिली. पुढे एकदा साबुदाणा संपला म्हणून वाटी घेऊन त्यांच्याकडे गेले तर समोरच्या भिंतीवर माझ्या नवऱ्याची छाती.

बाईंनी त्या छातीचं घर केलं होतं. वर लग्नपत्रिकांची कौलं, दोन्ही बाजूंना साबणाच्या हिरव्या वेष्टणांची झाडं, आणि मधे तो एक्स-रे. फासळ्या म्हणजे खिडकीचे गज. गजांच्या आत ओट्याशी उभी असलेली एक बाई, कुठल्याशा मासिकातून कापलेली. पाठमोरी.

"ही कोण?" मी विचारलं.

"तुम्हाले कोण दिसते?"

"कशी दिसणार? पाठ आहे ना इकडे."

"हो ना," बाई म्हणाल्या, "पाठ आहे." आणि आत जाऊन साबुदाणा घेऊन आल्या.

मी घरी आले ती पेटूनच. दुसऱ्याच्या नवऱ्याच्या छातीत बाई नेऊन चिकटवायची आणि वर चेहराही दाखवायचा नाही. तिचा अंबाडा माझ्यापेक्षा मोठा होता, हे मी नीट पाहून ठेवलं होतं. पुढे कितीतरी दिवस मी ह्यांच्या शर्टांचे वास घेत होते. ड्यूटी सुटल्यावर घरी यायला जरा उशीर झाला की स्कूटर कुठे कुठे थांबली ते विचारत होते. गल्लीतल्या सगळ्या बायकांचे अंबाडे मी पाठीमागून न्याहाळले. शेवटी एकदा ह्यांनी सगळं काढून घेतलं माझ्याकडून, आणि पोट धरून हसले. म्हणाले, "त्या बाईची पोळी करपून राहिली काय, ते पाहून ये. करपून राहिली असन, तर तूच आहे."

मी पाहून आले. तव्याच्या जागी बाईंनी काळं बटण लावलं होतं. त्यावरून काही ठरत नव्हतं.

दिसायला टेंभेकरबाई उंच आणि सडसडीत. सुती साडी, खांद्याला पिन, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला. नखांच्या कडांना सुकलेल्या चिकटीचे पापुद्रे सदैव. नवरा लवकर गेला; त्याच्या जागी त्यांना प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसरचं काम मिळालं. इंजिनीअर लोकांनी पेन्सिलीने काढलेलं आराखड्याचं चित्र पारदर्शक कागदावर शाईने उतरवून घ्यायचं, हे ते काम. शाईची रेघ चुकली तर रबराने जात नाही. ब्लेडने ती हलकेच खरवडायची, पण कागदाला भोक पडू द्यायचं नाही. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे बाईंच्या हाताला एक विलक्षण स्थिरता आली होती. आरतीनंतर त्या कुणाला गंध लावत तेव्हासुद्धा मला वाटे, कपाळावरची काहीतरी चूक खरवडून काढताहेत.

घरात खुर्च्या दोनच. चित्रं मात्र पलंगाखाली, कपाटामागे, न्हाणीच्या दाराआड. भिंतीवर एका वेळी एकच. पाहुण्याला चित्रासमोर बसवायच्या आणि स्वतः चित्राकडे पाठ करून पाहुण्यासमोर बसायच्या. म्हणजे आपण चित्र बघायचं आणि त्या आपल्याला बघणार. मला हे बसणं कधीच पसंत पडलं नाही. आपण डोळे मिचकावले तरी त्या टिपून ठेवताहेत असं वाटायचं.

अर्थ विचारला की उत्तर नाही. एखाद्याने स्वतःच लावून दाखवला तर म्हणायच्या, "असन." कोणी म्हणालं मासा म्हणजे भूक, तर असन. दुसरा म्हणाला मासा म्हणजे चंचल मन, तेही असन. एकदा रायपूरहून चित्रकलेचे एक मास्तर आले. दाढी राखलेले, खांद्याला झोळी. त्यांनी ती खिडकीवाली बाई पाहिली आणि पुढे हिंदी पेपरात भला मोठा लेख लिहिला. एक्स-रे म्हणजे पुरुषसत्ता, गज म्हणजे कैद, काळं बटण म्हणजे दडपलेला सूर्य. मी तो लेख गल्लीभर वाचून दाखवला. ह्यांना दोनदा वाचून दाखवला, कारण त्यांच्या छातीला वर्तमानपत्रात 'पुरुषसत्ता' म्हटलं होतं. बाईंनीही तो वाचला, जपून कापला, आणि पुढच्या चित्रात उलटा चिकटवून त्याची बैलगाडीची चाकं केली. मास्तर पुन्हा आले तेव्हा त्या चाकांसमोर बराच वेळ उभे होते. बाई त्यांच्याकडे बघत बसल्या होत्या.

आता माझ्या मनात एकच किडा वळवळत होता: ही बाई आपल्या घरांतून कचरा नेते आणि कचऱ्यातून आपल्याला नेते. मी म्हटलं, हिला पकडायचीच. म्हणून एकदा मुद्दाम पोपटी साडीचे काठ उसवून त्यांना दिले. एवढा भडक पोपटी रंग साऱ्या भिलाईत दुसरा नसावा. मग प्रत्येक भेटीत मी त्यांच्या चित्रांतून तो पोपटी शोधत राहिले. पावसात नाही, झाडांत नाही, देवळाच्या कळसातही नाही. हेरगिरीचा मला चांगलाच सराव झाला. अखेर काठ सापडले, पण चित्रात नव्हे. बाईंच्या मच्छरदाणीच्या दोऱ्या झाले होते. मी हातात चहाचा कप धरून त्या दोऱ्यांकडे पाहत बसले आणि बाई माझ्याकडे. मला अजून खात्री आहे, त्यांना सगळं ठाऊक होतं.

मग त्यांच्या रिटायर होण्याची वेळ आली. प्लांटच्या गावात रिटायर होणं म्हणजे नुसती नोकरी सुटणं नसतं, क्वार्टरही सुटतं. ज्याने वेळेत कोहक्याला किंवा नेहरू नगरला घर बांधून घेतलं तो तिकडे जातो, बाकीचे मुलाकडे. बाईंचा मुलगा नागपूरला, दोन खोल्यांत. एकदा संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या, आणि त्या दिवशी त्यांची नजर घरात कुठेच फिरली नाही. सरळ ह्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, बाकीची चित्रं पलंगाखाली मावतीन. एक आहे, ते नाही मावत. त्याले भिंतच पाह्यजे."

त्या 'एका'बद्दल आम्ही ऐकून होतो. नवरा गेल्यावर त्यांनी ते सुरू केलं होतं आणि मागच्या बंद खोलीत ते वाढत होतं. प्लायवूडच्या चार मोठ्या फळ्या. नागपूरच्या खोल्यांत फळ्या ठेवायच्या तर माणसांनी बाहेर झोपावं लागलं असतं. कुठे भिंत मिळाली नाही तर क्वार्टर सोडताना त्या भंगारवाल्याला द्याव्या लागणार, हे बाईंनी अगदी सरळ आवाजात सांगितलं. पण सांगताना चष्म्याचा दोरा बोटाला इतका गुंडाळला होता की बोट पांढरं पडलं होतं.

भिंत होती. आमच्या मंडळाच्या सभागृहात, स्टेजच्या मागे. तिला ओल आली होती आणि कितीही रंग दिला तरी मधोमध हत्तीएवढा डाग उमटत होता. तो झाकायला काहीतरी मोठं हवंच होतं. अध्यक्ष खानझोडेसाहेबांच्या मनात राज्याभिषेकाचं चित्र होतं, पण डागाएवढा राज्याभिषेक कुठे तयार मिळत नव्हता. ह्यांनी बाईंच्या चित्राचं सुचवलं. साहेब म्हणाले, आणा, पाहू.

फळ्या मेटॅडोरमधून आल्या. आम्ही सगळे बघायला जमलो. वर गोळ्यांच्या पाकिटांच्या उभ्या चंदेरी चिमण्या, त्यांतून निघणारा साडीच्या चिंध्यांचा धूर. खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसांची रांग. धडं लग्नपत्रिकांची, नक्षीदार, जरीच्या किनारीची. रांग कशासाठी ते चित्रात कुठे नव्हतं. आणि कुणालाच डोकं नव्हतं. डोक्याच्या जागी वस्तू होत्या. छत्री, नळ, उंदीर, गजराचं घड्याळ, पेटीचा भाता, अशी सगळी रांग.

त्यात एक कान होता. श्रवणयंत्राच्या जाहिरातीतून कापलेला, मोठा, गुलाबी, पाळीला मोत्याची कुडी. तो कान शेजारच्या घराच्या भिंतीला टेकला होता.

मी त्याच क्षणी माझ्या कुड्यांवरून पदर घेतला.

माझ्या शेजारी गणोरकरवहिनी उभ्या होत्या, मंडळाच्या चिटणीस. त्या एका कुलपाकडे बघत होत्या. वहिनी आपल्या फ्रिजला कुलूप लावतात हे त्यांच्या सुनेने साऱ्या सेक्टरला सांगून ठेवलं होतं. पलीकडे खानझोडेसाहेबांच्या समोर एक खुर्ची होती, हातांची, पाठीला नक्षी असलेली, पण पाय नसलेली. मंडळ निघाल्यापासून साहेबच अध्यक्ष होते.

तीन दिवस मंडळात दुसरा विषय नव्हता. मजा अशी की कोणी दुसऱ्याला काही म्हणतच नव्हतं. मला कुणी सांगितलं नाही की कान तू आहेस. मीच घरोघर जाऊन सांगत होते, "पाहा, मले कान केलं तिनं. मी काय कोणाच्या भिंतीले कान लावून बसतो?" लोक म्हणायचे, हो का, आम्हाला नाही बुवा लक्षात आलं. आणि मग हळूच विचारायचे, घड्याळ कोण असेल हो? त्यांना घड्याळ झोंबलेलं असायचं.

बैठक भरली. बाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. गणोरकरवहिनी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ते कुलूप माझ्यावर केलेलं आहे. ते काढून टाकण्यात यावं."

"वहिनी," टेंभेकरबाईंनी मागून विचारलं, "तुमच्या घरी कुलूप कशाले लावता?"

सगळं मंडळ आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहू लागलं.

मग मी उठले. आयुष्यात एकदा आधुनिक चित्रकलेवरचं स्लाइडशोचं व्याख्यान मी ऐकलं होतं, तेव्हापासून मंडळात त्या विषयातली जाणकार मीच. मी बोलले, ते आठवलं की आजही मला स्वतःला खुर्चीवरून खाली ओढावंसं वाटतं. प्रतीक आणि प्रतिमा यांतला फरक सांगितला. कान हे आपल्या संस्कृतीत श्रवणभक्तीचं प्रतीक असून त्याला भिंतीशी नेऊन टेकवणं ही प्रतीकाची विटंबना आहे, असं म्हणाले. टाळ्या पडल्या. ह्यांनी वाजवल्या नाहीत.

खानझोडेसाहेबांनी तोडगा काढला. चित्र उत्तम आहे, पण त्यात व्यक्तिगत काही राहता कामा नये. आक्षेपार्ह डोकी निघाली तर चित्र लागेल, नाहीतर फळ्या परत न्याव्यात. क्वार्टर सोडायचा दिवस तोंडावर आला होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं. आता बाई रडतील किंवा भांडतील असं मला वाटलं. त्यांनी चष्मा उतरवून गळ्यात सोडला. मग उठून म्हणाल्या, "मी नाही काढत. कोणतं कोणाचं आहे, मले काय माहीत? ज्याचं जे असन, ते त्यानं काढून न्यावं."

रविवारी सकाळी सभागृहात बाईंनी बादलीभर कोमट पाणी ठेवलं होतं आणि जुन्या मलमलीचे तुकडे. फळ्या भिंतीला टेकवून उभ्या. बाईंनी एकदाच समजावून सांगितलं: फडकं ओलं करून जागेवर ठेवा, चहा होईस्तोवर दाबून धरा, मग कोपऱ्यातून उचला. ओढू नका.

तुम्ही ते दृश्य पाहायला हवं होतं. खानझोडेसाहेब स्टुलावर चढून आपल्या खुर्चीला ओली पट्टी धरून उभे. गणोरकरवहिनी कुलपाला. भजनातले पेटीवाले बुवा भात्याला. मी वाकून कानाला. जणू सगळ्यांची लेकरं तापाने फणफणली होती. पाणी कोपरांवरून गळत होतं. रांगेसमोर रांग. आणि टेंभेकरबाई स्टेजच्या कडेला बसून आमच्यासाठी स्टोव्हवर चहा ठेवत होत्या.

माझा कान सुटला, अख्खा, तळहातावर येऊन बसला, ओला आणि लिबलिबीत. मी खाली पाहिलं. मला वाटलं होतं, उघडं प्लायवूड दिसेल. तिथे एक डोकं होतं. ट्रेसिंगच्या पारदर्शक कागदाचं, बाईच्या डोक्याच्या आकारात कापलेलं, मागे अंबाडा. चेहरा कोरा. मागच्या चिंध्यांचा धूर त्यातून धूसर दिसत होता. कुलपाखाली तसंच निघालं, खुर्चीखालीही तसंच, तिथे थोडं टक्कल. वस्तू गेल्यावर रांगेत माणसं उभी राहिली होती. मघापेक्षा चित्र सुंदर दिसू लागलं होतं, आणि ते कबूल करायची कुणाचीच तयारी नव्हती.

"आता ठीक आहे," खानझोडेसाहेब स्टुलावरून उतरत म्हणाले. चित्र मंजूर झालं.

मला मात्र चैन पडेना. डोकी आधीपासून खाली तयार कशी? मी रेंगाळले. सगळे चहाच्या कपांभोवती गोळा झाले तेव्हा मी पदराचं टोक भिजवलं आणि ज्यावर कुणीच हक्क सांगितला नव्हता त्या छत्रीला लावलं. दाबून धरलं. काही सुटेना. नळाला लावलं, तो हलेना. नखाने टोकरलं, तर ते सुताराच्या सरसाने पक्कं बसवलेलं. माझ्या हातातला कान हुंगून पाहिला. मैद्याची खळ, कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेली, आमच्या आया पतंगाला आणि पाठ्यपुस्तकांना लावायच्या तीच. पाणी लागलं की सुटणारी.

म्हणजे कोण काय मागणार, हे बाईंना आधीच माहीत होतं. जे मागितलं जाणार ते खळीने लावलं, उरलेलं सरसाने. कितीतरी वर्षांपूर्वी. मी चहाकडे वळून पाहिलं. बाई गणोरकरवहिनींना साखर कमी-जास्त विचारत होत्या.

चित्र लागलं, डाग झाकला गेला. आणि पुढे काय झालं ते तर आणखी वाईट. काढलेल्या वस्तूंच्या कडेने पाण्याच्या फिकट रेषा राहिल्या होत्या. कुलपाची कुलपासारखी, कानाची कानासारखी. आधी चित्रातलं कुलूप आपलं आहे, असं फक्त वहिनींना वाटत होतं. आता साऱ्या मंडळाने त्यांना पट्टी धरून उभं राहिलेलं पाहिलं होतं. कोणी नवा पाहुणा आला की लोक बोट दाखवून सांगायचे: इथे वहिनींचं कुलूप होतं, ही साहेबांची खुर्ची, आणि हा मोघेवहिनींचा कान. मोघेवहिनी म्हणजे मी.

बाई निघाल्या त्या दिवशी दुर्ग स्टेशनला जायला मुलाने ऑटो आणला होता. पलंगाखालची चित्रं चादरीत बांधून मागे कोंबली होती. मी फाटकाशी गेले. निरोप द्यायला कमी आणि विचारायला जास्त. पण सरळ विचारलं तर त्या काय म्हणतील ते मला पाठ होतं, म्हणून आडून विचारलं.

"बाई, सगळे होते त्यात. तुम्ही कुठे होत्या?"

ऑटोत बसता बसता त्या थांबल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे टिपून घेतल्यासारखं न बघता नुसतं बघितलं.

"आहे ना मी," त्या म्हणाल्या. "कोणी मागितलंच नाही मले."

मग ऑटो कोपऱ्यावर वळला. चादरीच्या गाठोड्यावर त्यांचा हात होता, ते उडू नये म्हणून दाबून धरलेला. तेवढंच मागून दिसलं. नागपूरला त्या पाच-सहा वर्षं होत्या असं ऐकलं, मग गेल्याचंही ऐकलं.

हे गेले. आम्ही केव्हाच नेहरू नगरला आलो. गणोरकरवहिनी मुलीकडे बंगलोरला असतात, फ्रिज मुलीचा आहे. मी मात्र मंडळाचा एकही कार्यक्रम चुकवत नाही. नातीला वाटतं, आजीला भजनाची गोडी लागली. म्हणते, "आजी, तुम तो बड़ी धार्मिक हो गई हो." मी हो म्हणते. भजन चालू असताना मी रांग तपासत असते. एकेक डोकं, एकेक वस्तू. बाई कुठे असेल? कधी वाटतं नळ, कधी वाटतं छत्री. पण ती दोन्ही तर सरसाने लावलेली. मग संशय येतो की बाई थाप मारून गेली. चित्रात ती कुठेच नाही. आपल्यामागे निदान एक माणूस वर्षानुवर्षं चित्रासमोर येऊन उभं राहावं आणि नीट बघावं, म्हणून माझ्यासारखीला हेरून तिने ते वाक्य सोडलं. तसं असेल, तर माणूस बरोबर हेरलं.

परवाच्या कार्यक्रमात मात्र एक गोष्ट दिसली. रांगेच्या पार शेवटी, फळीच्या कडेला, जिथे कुणी बघत नाही, तिथल्या एका वस्तूचा कोपरा सुटलाय. नखाएवढा. बोट लावून पाहिलं तर लवचीक, सरसासारखं कडक नाही. खाली ट्रेसिंगच्या कागदाची कड दिसली, किंवा दिसल्यासारखी वाटली. वस्तू कोणती ते सांगणार नाही. मंडळात उत्साही लोक अजून पुष्कळ आहेत. भिंतीला ओल आहे, कोपरा आपला आपणही सुटला असेल, हे मला कळतं. मी उचलून पाहिलं नाही. नुसता अंगठ्याने दाबून ठेवला.

आज सकाळी सूनबाईंच्या गॅसवर मैद्याची खळ शिजवली. त्यांनी नाक मुरडलं, मोरचुदाच्या पुडीकडे बघून हे खायचं आहे का म्हणून विचारलं. रविवारी भजनाला जाताना डबीत घालून नेणार आहे. घरात सरससुद्धा होता, सुताराने ठेवलेला. तो मी घेतला नाही.